56 दिवसांचा ‘दुसरा चंद्र’ तुमच्या दुर्बिणीत का सापडला नाही

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की 2024 च्या सप्टेंबरात ‘पृथ्वीला दोन महिन्यांसाठी दुसरा चंद्र मिळणार’ अशी बातमी आली. लेकीला शब्द दिला होता म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण गच्चीवर लावून सात-आठ रात्री जागलात आणि काहीच दिसलं नाही. मग मागच्या वर्षी ‘2083 पर्यंत दुसरा चंद्र’ ही आणखी एक बातमी आली. आता शाळेच्या विज्ञान प्रकल्पात ‘पृथ्वीला चंद्र किती?’ यावर बाई म्हणतात एक, मुलगी म्हणते दोन. शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न: पृथ्वीने त्याला पकडलं होतं तर सोडलं कसं, आणि तो आपल्या डोक्यावर पडला असता का?

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि गेली चौदा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन लघुग्रहांची मापनं करतो. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: एखादा दगड ‘कोणाभोवती’ फिरतो हे ठरवायचं कसं? ते समजलं की बाईंचं आणि मुलीचं भांडण आपोआप मिटेल. पण आधी तुमच्या त्या जागलेल्या रात्रींबद्दल बोलू, कारण तुमची काहीही चूक झालेली नाही.

बातमीतला तो ‘दुसरा चंद्र’ म्हणजे एक छोटा लघुग्रह, अवकाशातला एक दगड. त्याला 2024 पीटी5 म्हणतात. ज्या दिवसांत तो ‘चंद्र’ म्हणून गाजत होता, तेव्हा त्याची दृश्यप्रत 22 च्या आसपास होती. प्रत जितकी मोठी तितका ठिपका मंद, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश सुमारे अडीच पटींनी कमी होतो. शहराबाहेरच्या चांगल्या काळोखात, डोळा सरावलेला असेल तर आठ इंची आरशातून 14 व्या प्रतीपर्यंत जाता येतं. शहरातल्या गच्चीवरून त्याच्याही अलीकडेच थांबावं लागतं. 14 आणि 22 मध्ये आठ पायऱ्या आहेत. अडीचला आठ वेळा गुणत गेलात की सुमारे 1,500 पट येतं. म्हणजे तुमच्या दुर्बिणीला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षाही तो दीड हजार पटींहून अधिक मंद होता. त्याला टिपायला निदान पाऊण मीटर आरशाची दुर्बीण, तिच्यामागे चांगला कॅमेरा आणि लांब एक्स्पोजर लागतं. जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर दुर्बीण आहे, हे त्या पंक्तीतलं काम.

आकाराचं म्हणाल, तर तो साधारण 10 मीटरचा, एका एसटी बसच्या लांबीएवढा. त्या काळात तो आपल्यापासून सुमारे 35 लाख किलोमीटरवर होता, चंद्राच्या नऊपट लांब. कन्याकुमारीला उभं राहून श्रीनगरमध्ये ठेवलेला हरभऱ्याचा दाणा पाहण्यासारखं ते आहे. बातमीत ‘चंद्र’ हा शब्द वाचला की कोणाच्याही मनात तबकडी उभी राहते. तुमच्या लेकीच्याही राहिली असणार. तो शब्द वापरताना ‘डोळ्यांना दिसणार नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते आलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता त्याच्या नावाबद्दल, कारण तुम्ही त्याला ‘अर्जुन’ लिहिलंय. पृथ्वीच्या कक्षेशी अगदी मिळत्याजुळत्या कक्षेत सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांच्या एका गटाला महाभारतातल्या अर्जुनाचं नाव दिलेलं आहे. अर्जुन हे त्या कुळाचं नाव झालं, या दगडाचं नव्हे. याचं स्वतःचं नाव म्हणजे एक तारीख आहे. लघुग्रहांच्या नोंदणीत वर्षाचे पंधरा-पंधरा दिवसांचे भाग पाडून त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. ‘पी’ म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. पुढचं अक्षर आणि आकडा त्या पंधरवड्यातला शोधाचा क्रमांक सांगतात. अक्षरं 25 धरतात, ‘आय’ गाळतात. ‘टी’ हे एकोणिसावं अक्षर, आणि 5 म्हणजे अक्षरांची पाच पूर्ण आवर्तनं आधीच होऊन गेली. 5 गुणिले 25 अधिक 19, म्हणजे त्या पंधरवड्यातला 144 वा शोध. प्रकल्पात हे लेकीला स्वतः सोडवायला द्या, सातवीच्या मुलीला सहज जमेल.

तो सापडला 7 ऑगस्ट 2024 रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलंड इथल्या अ‍ॅटलास यंत्रणेच्या दुर्बिणीला. ही अर्ध्या मीटर आरशाची स्वयंचलित दुर्बीण आहे. आकाश रात्रभर पुन्हा पुन्हा टिपायचं आणि हललेला ठिपका शोधायचा, हे तिचं काम. दुसऱ्याच दिवशी, 8 ऑगस्टला, पीटी5 पृथ्वीपासून सुमारे 5 लाख 68 हजार किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या दीडपट अंतरावरून. इतका जवळ होता म्हणूनच एवढ्याशा दुर्बिणीला तो सापडला. बातम्यांचा जोर सप्टेंबर-नोव्हेंबरात होता, पण तो सगळ्यात जवळ येऊन गेला होता ऑगस्टमध्येच.

ठिपक्यावरून कक्षा कशी काढतात हे जरा जवळून सांगतो, कारण ‘पकडला’ या शब्दाचा अर्थ तिथेच दडलेला आहे. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय शोधमोहिमेतून हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या फ्रेम येतात. आकाशाचा एकच तुकडा, काही मिनिटांच्या अंतराने चार वेळा टिपलेला. त्या चार फ्रेम संगणकावर एकामागून एक फिरवायच्या. तारे जागच्या जागी राहतात. गोंगाटाचे ठिपके एका फ्रेममध्ये येतात आणि दुसऱ्या फ्रेममध्ये गायब होतात. आणि मधूनच एखादा करडा, जेमतेम तीन-चार पिक्सेलचा ठिपका एक, दोन, तीन, चार असा सरळ रेषेत, समान पावलं टाकत सरकतो. पहिल्यांदा तो दिसल्यावर आमची एक विद्यार्थिनी खुर्चीतून उठून उभी राहिली होती. मग त्या ठिपक्यावर माउस ठेवून आजूबाजूच्या ताऱ्यांच्या आधाराने त्याची जागा मोजायची: अमुक तारीख, अमुक वेळ सेकंदापर्यंत, आकाशातली अमुक जागा. एवढाच आपला कच्चा माल. अंतर कुठेच लिहिलेलं नसतं, वेगही नसतो.

कक्षेला सहा संख्या लागतात आणि प्रत्येक मापनातून दोन मिळतात, त्यामुळे कागदावर तीन मापनांत काम भागतं. प्रत्यक्षात एका रात्रीच्या तीन मापनांतून कितीतरी वेगवेगळ्या कक्षा जुळतात: जवळचा छोटा संथ दगड, लांबचा मोठा वेगवान दगड, दोन्ही तेवढ्याच नेमाने सरकताना दिसतात. रात्री वाढत जातात तशा चुकीच्या कक्षा एकेक करून गळतात. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांवर मी कधीच विसंबत नाही. ‘बघा, कक्षा बदलली’ असं कोणी म्हणालं, तर बहुतेक वेळा बदललेलं असतं ते आपलं ज्ञान.

पीटी5 च्या बाबतीत मात्र दुसरीही गोष्ट खरी आहे: त्याची कक्षा खरोखरच बदलत होती. तुम्ही दोन संकेतस्थळांवरचे वेगवेगळे आकडे देऊन ‘यातलं खरं कोणतं?’ असं विचारलंय. दोन्ही खरे असू शकतात. पृथ्वीजवळून जाताना तिच्या ओढीने कक्षा थोडी वाकते, त्यामुळे आकड्यांशेजारी तारीख पाहावी लागते. 2024 च्या शरद ऋतूतले आकडे ढोबळपणे असे: सूर्यापासून सरासरी अंतर पृथ्वीच्या 1.012 पट, म्हणजे सुमारे 15 कोटी 14 लाख किलोमीटर. एक फेरी साधारण 372 दिवसांची. कक्षेची विकेंद्रता, म्हणजे तिचा लांबटपणा, 0.02 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ वर्तुळच, कारण पृथ्वीची स्वतःची 0.017 आहे. आणि पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कल फक्त दीड अंशाचा.

हे आकडे एकत्र ठेवा आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तुम्ही 80 च्या वेगाने चालला आहात. शेजारच्या लेनमध्ये एक ट्रक 79 ने चालला आहे. तुमच्या खिडकीतून पाहिलं तर तो ट्रक जवळजवळ थांबलेला दिसतो, हळूहळू मागे सरकतो. त्याने जरा वेग वाढवला तर पुढे येतो, लेन बदलली तर दुसऱ्या बाजूला दिसतो. खिडकीतून पाहणाऱ्या मुलाला वाटेल की ट्रक आपल्याभोवती घुटमळतोय. रस्त्याकडेला उभ्या माणसाला मात्र दोन्ही गाड्या पुण्याकडेच चाललेल्या दिसतात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 29.8 किलोमीटर वेगाने जाते, आणि पीटी5 ही जवळपास तेवढ्याच वेगाने, त्याच दिशेने. तो घुटमळताना दिसला तो आपल्या खिडकीतून.

मग ‘पकडला’ कशाला म्हणतात? यासाठी मुक्तिवेग लागतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून कायमचं निसटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग हवा. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची पकड सैल असते, तिथे 1.44 किलोमीटर पुरतो. 35 लाख किलोमीटरवर तर फक्त 0.48 किलोमीटर, म्हणजे ताशी सुमारे 1,700 किलोमीटर. एखादी वस्तू त्या अंतरावर पृथ्वीच्या तुलनेत याहून मंद चालली असेल, तर हिशेबात तिची ऊर्जा ऋण येते आणि गणित म्हणतं, ही वस्तू या क्षणी पृथ्वीला बांधलेली आहे. पीटी5 चा पृथ्वीसापेक्ष वेग 29 सप्टेंबर 2024 रोजी या रेषेखाली गेला आणि 25 नोव्हेंबरला पुन्हा वर आला. मधले 56-57 दिवस म्हणजेच तो गाजलेला ‘दुसरा चंद्र’. स्पेनमधल्या कार्लोस आणि राउल दे ला फुएंते मार्कोस या खगोलशास्त्रज्ञांनी हे भाकीत सप्टेंबरात छापलं आणि तिथून बातमी जगभर गेली. त्यांच्या टिपणात तो पूर्ण फेरी मारणार नाही हे स्पष्ट लिहिलेलं होतं. या 56 दिवसांत त्याने पृथ्वीभोवती एकही प्रदक्षिणा केली नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वाटेवरून आला तसा वळून गेला.

इथे एक बारकावा आहे, आणि प्रकल्पासाठी मला तो फार महत्त्वाचा वाटतो. वरचा हिशेब करताना जगात फक्त पृथ्वी आणि दगड आहेत असं धरलं आहे. सूर्य बाजूला ठेवला आहे. 35 लाख किलोमीटरवर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे 180 पट आहे. पण म्हणून ‘ज्याची ओढ जास्त तो जिंकला’ असं लगेच लिहू नका, कारण आपल्या नेहमीच्या चंद्रावरही सूर्याची ओढ पृथ्वीच्या दुपटीहून जास्त आहे आणि तरी तो आपलाच आहे! सूर्य पृथ्वीला आणि चंद्राला जवळपास सारखंच ओढतो. दोघे एकत्रच त्याच्याभोवती जातात, आणि खरा फरक पडतो तो या दोन ओढींमधल्या तफावतीमुळे. ही तफावत पृथ्वीच्या पकडीपेक्षा कुठे मोठी होते याचा हिशेब केला की पृथ्वीची हद्द मिळते. ती सुमारे 15 लाख किलोमीटरवर आहे. चंद्र 3 लाख 84 हजारांवर, हद्दीच्या चांगलाच आत. पीटी5 त्या 56 दिवसांत 35 लाखांवर, हद्दीच्या दुपटीहून बाहेर. हिशेबाच्या कागदावर तो बांधलेला होता, पण ते बंधन टिकवण्याची ताकद पृथ्वीकडे तिथे नव्हतीच.

त्यामुळे ‘सोडला कसा’ याचं उत्तर असं की धरून ठेवण्यासाठी लागणारी गोष्टच घडली नाही. बाहेरून आलेला दगड कायमचा अडकायचा तर त्याची थोडी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी. गोटी उतरणीवरून वाटीत शिरली तर समोरच्या काठावरून तेवढ्याच जोराने बाहेर जाते. वाटीला घासून वेग गेला तरच ती तळाशी थांबते. अवकाशात घासायला हवा नाही. दगड येतो, वळतो आणि जातो.

तुम्ही नालेच्या वाटेबद्दल विचारलंय म्हणून तेही सांगतो. समजा एक दगड पृथ्वीपेक्षा किंचित बाहेरून, म्हणून किंचित हळू चालला आहे आणि पृथ्वीच्या पुढे आहे. पृथ्वी मागून त्याला गाठत येते आणि आपल्याकडे, म्हणजे मागे ओढते. सहज वाटतं की तो आणखी मंद होईल. पण मागे ओढल्याने त्याची ऊर्जा कमी होते, तो सूर्याच्या थोडा जवळच्या कक्षेत उतरतो, आणि आतली कक्षा वेगवान असल्याने पृथ्वीला मागे टाकून पुढे निघून जातो. कित्येक वर्षांनी पूर्ण फेरा मारून तो पृथ्वीला मागून गाठतो. तेव्हा ती त्याला पुढे ओढते, तो बाहेरच्या कक्षेत चढतो आणि मंद होऊन मागे पडतो. पृथ्वीला स्थिर धरून ही वाट कागदावर काढली की घोड्याची नाल तयार होते, आणि तिच्या उघड्या तोंडात पृथ्वी असते. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढतो आणि ‘मागे ओढलं तर पुढे पळतो’ या वाक्याला दरवर्षी वर्ग शांत होतो. अशी खरी नाल वर्षानुवर्षं टिकतेच असं नाही. प्रत्येक भेटीत तो किती जवळून जातो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. जानेवारी 2025 मध्ये पीटी5 पुन्हा 18 लाख किलोमीटरवरून गेला आणि लांब निघून गेला. पुढची जवळची भेट 2055 मध्ये आहे.

आता 2083 वाल्या बातमीकडे. तो दगड वेगळा: 2025 पीएन7. हवाईच्या पॅन-स्टार्सला ऑगस्ट 2025 मध्ये सापडलेला, साधारण 20 मीटरचा. त्याचं वर्ष जवळजवळ आपल्या वर्षाइतकंच आहे. त्यामुळे आपल्या खिडकीतून तो वर्षाला एक मोठा फेरा मारताना दिसतो, पण पृथ्वीच्या हद्दीत येत नाही. अशांना मी ‘भासमान उपग्रह’ म्हणतो. पृथ्वी उद्या नाहीशी झाली तरी तो आपल्याच वाटेने सूर्याभोवती फिरत राहील. याच जातीचा जास्त अभ्यासलेला दगड म्हणजे 2016 मध्ये सापडलेला कामोओआलेवा. चीनने मे 2025 मध्ये त्याच्याकडे तियानवेन-2 हे यान धाडलं आहे, नमुने आणण्यासाठी.

खरोखर पृथ्वीभोवती फेऱ्या मारून गेलेले पाहुणेही आहेत, आणि मुलीची बाजू तिथे थोडी खरी ठरते. 2006 आरएच120 हा दोन-तीन मीटरचा दगड 2006 ते 2007 असा सुमारे वर्षभर पृथ्वीभोवती फिरला. 2020 सीडी3 तर फेब्रुवारी 2020 मध्ये सापडला तेव्हा त्याला येऊन दोनहून अधिक वर्षं झाली होती, आणि थोड्याच महिन्यांत तो निघून गेला. आपल्याभोवती फिरत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, कारण तो होता जेमतेम सव्वा मीटरचा.

तर प्रकल्पात असं लिहायला हरकत नाही: पृथ्वीला कायमचा चंद्र एक, अधूनमधून येऊन खरोखर फेऱ्या मारून जाणारे काही छोटे दगड, पीटी5 सारखे उंबऱ्यावरून परतणारे काही, आणि पीएन7 सारखे केवळ सोबत चालणारे काही. बाई बरोबर आहेत. मुलगी चूक आहे असंही मी म्हणणार नाही, तिने फक्त कोणत्या अर्थाने दोन ते सांगावं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त ज्याने भारावून टाकलं ते अजून राहिलंय. अशी पृथ्वीसारखी कक्षा दिसली की आम्हाला आधी संशय येतो तो माणसाच्या हातचा. 2002 मध्ये असाच एक ‘नवा चंद्र’ सापडला, जे002ई3. त्याच्या प्रकाशात रॉकेटच्या पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम ऑक्साइडची खूण मिळाली. तो 1969 च्या अपोलो 12 मोहिमेच्या रॉकेटचा तिसरा टप्पा होता. 2020 एसओ हा ‘लघुग्रह’ 1966 च्या सर्व्हेयर 2 यानाच्या रॉकेटचा सेंटॉर नावाचा टप्पा निघाला. ओळखतात कसं? सूर्यप्रकाशालाही दाब असतो. पोकळ पत्र्याचं नळकांडं आकाराने मोठं आणि वजनाने हलकं, म्हणून प्रकाश त्याला महिन्यागणिक किंचित ढकलतो आणि ते गणिती वाटेवरून सरकतं. भरीव दगड तेवढा हलत नाही. पीटी5 ची वाट भरीव दगडाची निघाली.

पुढे अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेच्या आणि हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीतून त्याचा परावर्तित प्रकाश तपासला गेला. निष्कर्ष जानेवारी 2025 मध्ये आले. हा प्रकाश नेहमीच्या लघुग्रहांशी जुळत नव्हता. जुळत होता तो चंद्रावरून आणलेल्या खडकांशी. म्हणजे फार पूर्वी चंद्रावर काहीतरी आदळलं, खडक उडाले, आणि त्यातला हा एक तुकडा. कक्षेचंही कोडं इथे सुटतं. चंद्रावरून निसटायला सेकंदाला फक्त 2.4 किलोमीटर वेग लागतो. त्याहून थोड्याच जास्त वेगाने उडालेला तुकडा सूर्याभोवती पृथ्वीसारख्याच वाटेला लागतो, जवळजवळ तिच्याच गतीने. लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यातून सुटलेला दगड इतक्या हळुवार गतीने आपल्याकडे येणं फार अवघड. कामोओआलेवाच्या बाबतीतही चंद्राकडेच बोट जातं. ‘दुसरा चंद्र’ हा मथळा चुकीचा होता, पण तो पहिल्या चंद्राचा तुकडा असावा, हे मला अजूनही एकटं असताना आठवतं.

‘10 मीटर’ या आकड्याबद्दल एक सावधगिरी. कोणीही त्याची रुंदी पट्टीने मोजलेली नाही. मोजली जाते ती चमक, आणि चमकेवरून आकार काढताना पृष्ठभाग किती उजळ आहे हे माहीत असावं लागतं. तीच चमक कोळशासारखा काळा दगड देत असेल तर तो 20 मीटरचा असेल, फिकट खडक असेल तर 7 मीटरचाही पुरेल. चंद्रखडकासारखा पृष्ठभाग धरला की 8 ते 12 मीटर येतं.

आणि डोक्यावर पडण्याचं? पीटी5 ची वाट पृथ्वीला छेदत नव्हती, त्या 56 दिवसांत तर तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे होता. या मापाचा दगड खरंच आला असता तर बहुतांश भाग हवेतच खूप उंचीवर फुटला असता. किती नुकसान होईल हे दगडाची घडण, वेग आणि शिरण्याचा कोन यावर ठरतं. रशियात चेल्याबिन्स्कवर 15 फेब्रुवारी 2013 रोजी फुटलेला दगड 20 मीटरच्या आसपासचा होता. जखमी झालेले दीड हजारांच्या घरात, बहुतेक खिडक्यांच्या काचांमुळे: झळाळी पाहून लोक खिडकीशी आले आणि धक्का मागून पोचला. लेकीला एवढं जरूर शिकवा, आकाशात अशी झळाळी दिसली तर काचेपासून दूर व्हायचं. उलट 2008 टीसी3 हा चारेक मीटरचा दगड 6 ऑक्टोबर 2008 ला सापडला आणि दुसऱ्याच दिवशी सुदानच्या वाळवंटावर, आधी सांगितलेल्या वेळी आणि जागी फुटला. नंतर खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळूत रांगा धरून त्याचे शेकडो तुकडे वेचले.

आता तुमच्या दुर्बिणीचं. पीटी5 दिसणार नाही, पण वेस्टा हा लघुग्रह तुमच्या आठ इंचीत अगदी सहज दिसतो. त्याची प्रत वेळेनुसार सव्वापाच ते साडेआठच्या दरम्यान असते. स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो सध्या कोणत्या राशीत आहे ते पाहा. तो रात्रभर आकाशात असेल असे आठवडे निवडा, कारण त्या सुमारास तो ताऱ्यांमधून दिवसाला साधारण पाव अंश सरकतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका. कमी वर्धनाची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा. कागदावर वाटीने एक वर्तुळ काढून लेकीला त्या क्षेत्रातले सगळे ठिपके पेन्सिलीने मांडायला सांगा. कोणता वेस्टा आहे हे तिला सांगू नका. दोन रात्रींनी त्याच ताऱ्यांवर दुर्बीण लावून दुसरा कागद. मग दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहायचे. एक ठिपका जुळणार नाही. दोन्ही कागदांवर तारीख, गाव आणि घड्याळातली वेळ मिनिटापर्यंत लिहायला लावा, आणि जमलं तर त्यांचा फोटो इथे टाका. किती अंश सरकला ते मी मोजून देतो, किंवा तिने मोजलेलं तपासून देतो.